ॲल्युमिनियमचे आयन ओळखणारे प्रतिदीप्त संयुग: प्रकल्प नोंदी, जुलै ते ऑक्टोबर २०२३

३ जुलै २०२३

प्रकल्पाचा विषय आज मार्गदर्शक मॅडमशी बोलून पक्का झाला. धातूच्या आयनाशी जोडले गेल्यावर चमकू लागणारे सेंद्रिय संयुग तयार करावयाचे आणि त्याच्या साहाय्याने पाण्यातील ॲल्युमिनियम मोजावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. माझ्या मूळ यादीत ऱ्होडामाइन बी हायड्रॅझाइड पहिले होते. त्याचे बंद वलय तांब्याच्या आयनामुळे उघडते आणि रंगहीन द्रावण गुलाबी होऊन चमकते, हे झार्निक आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले. त्यानंतर ऱ्होडामाइनवर आधारलेल्या संवेदकांची रांगच लागली. मात्र त्यासाठी हायड्रॅझिन हायड्रेट उकळावे लागते आणि आमच्या धूर-कपाटाचा पंखा पावसाळ्यात जेमतेम फिरतो, त्यामुळे तो बेत सोडून दिला.

निवडलेले संयुग जुने आहे: सॅलिसिलाल्डिहाइड आणि ऑर्थो-अमिनोफेनॉल यांच्या संघननातून मिळणारा शिफ बेस. (शिफ बेस हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या हुगो शिफ यांनी ही अभिक्रिया १८६४ साली मांडली.) यापुढे या संयुगाला ‘स-१’ म्हटले आहे. त्यात दोन फेनॉली ऑक्सिजन आणि त्यांच्या मधोमध एक नायट्रोजन अशी तीन टोकांची पकड आहे. ॲल्युमिनियमसारख्या छोट्या, जास्त भाराच्या आयनाला ऑक्सिजनची ओढ असल्यामुळे ही पकड त्याला चांगली बसते. प्रतिदीप्तीने ॲल्युमिनियम ओळखण्याची कल्पना तर याहून कितीतरी जुनी आहे. स्टोक्स यांनी ‘फ्लुओरेसन्स’ हा शब्द १८५२ साली वापरात आणला आणि १८६७ साली गोपेल्सरोडर यांनी मोरिन या वनस्पतिज पिवळ्या रंगद्रव्याला ॲल्युमिनियमच्या सान्निध्यात हिरवी चमक येते हे नोंदवले. म्हणजे नवे संयुग शोधल्याचा दावा या प्रकल्पात नाही. इथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या, पाण्यावर ही पद्धत विश्वासाने वापरता येते का, एवढाच प्रश्न आहे.

ॲल्युमिनियमच का, याचे कारण घरातले आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची पद्धत आमच्याकडे अजून आहे. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ०.२ मिलिग्रॅम आहे. मोलच्या भाषेत हे आकडे अनुक्रमे १.१ आणि ७.४ मायक्रोमोलर होतात. मोजमापाची पट्टी त्यामुळे आपोआप ठरली: अर्ध्यापासून आठ मायक्रोमोलरपर्यंत.

७ जुलै

ऑर्थो-अमिनोफेनॉलची बाटली कपाटात होती, पण आतील पदार्थ पांढरा नसून चॉकलेटी झालेला होता. हवेतील ऑक्सिजनमुळे हे होतेच. असा पदार्थ तसाच वापरला तर अंतिम संयुगात गडद मळी शिरते आणि ती उत्सर्जित प्रकाश गिळते. वितळणबिंदूत दोन अंशांचाच फरक दिसतो, मात्र चमक निम्म्याने कमी होऊ शकते. म्हणून पाच ग्रॅम पदार्थ उकळत्या पाण्यात विरघळवून त्यात चिमूटभर सोडियम डायथायोनाइट आणि सक्रिय कोळसा घातला आणि द्रावण गरम असतानाच गाळून घेतले. थंड झाल्यावर जवळपास पांढऱ्या पापुद्र्यांसारखे स्फटिक मिळाले. वितळणबिंदू १७२ ते १७३ अंश सेल्सियस. मिळालेला पदार्थ ३.१ ग्रॅम होता. तो लगेच निर्वात शोषकपात्रात ठेवला.

१० जुलै

संश्लेषण. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये १.०९ ग्रॅम (१० मिलिमोल) ऑर्थो-अमिनोफेनॉल १५ मिलिलिटर कोमट स्पिरिटमध्ये विरघळवले आणि त्यात १.२२ ग्रॅम, म्हणजे साधारण १.०५ मिलिलिटर, सॅलिसिलाल्डिहाइड थेंबथेंब सोडले. पहिल्या काही थेंबांतच द्रावण केशरी झाले. मिश्रण दोन तास रिफ्लक्स केले, म्हणजे वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल अशा रीतीने उकळत ठेवले. खरे तर अर्ध्या तासातच अभिक्रिया पुरी झाल्यासारखे वाटत होते, कारण फ्लास्कच्या कडेला स्फटिक धरू लागले होते, पण ठरलेली वेळ पाळली. बर्फात थंड करून बुखनर फनेलवर गाळले आणि थंड स्पिरिटने दोनदा धुतले.

उत्पन्न १.८३ ग्रॅम. सैद्धान्तिक उत्पन्न २.१३ ग्रॅम असल्यामुळे हे ८६ टक्के होते. केशरी-लाल सुया, वितळणबिंदू १८४ ते १८६ अंश. अशा सोप्या अभिक्रियेचे कौतुक करण्याजोगे काही नाही, तरीही तो रंग डोळ्यांसमोर उगवताना पाहायला प्रयोगशाळेतले मामा हातातले काम टाकून आले होते.

१४ जुलै

शुद्धतेची तपासणी. पातळ थरावरील क्रोमॅटोग्राफीत ठिपक्यामागे सतत शेपूट येत होती आणि वरच्या बाजूस सॅलिसिलाल्डिहाइडचा फिकट ठिपका दिसत होता. अभिक्रिया अपुरी राहिली अशी पहिली शंका आली. नंतर लक्षात आले की सिलिका स्वतः किंचित आम्लधर्मी असल्यामुळे शिफ बेस पट्टीवरच काही प्रमाणात तुटतो. विद्रावकात एक टक्का ट्रायएथिलअमिन घातल्यावर शेपूटही गेली आणि वरचा ठिपकाही. अवरक्त वर्णपटात १६३० च्या आसपास कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचा ठळक पट्टा आहे आणि आल्डिहाइडचा १६६० च्या आसपासचा पट्टा नाहीसा झाला आहे. रेणूची रचना दाखवणाऱ्या एन.एम.आर. वर्णपटासाठी नमुना पाठवला.

हवेत दमटपणा इतका आहे की रात्रभर उघडा राहिलेला नमुना सकाळी वजनाला चार मिलिग्रॅमने जास्त भरला. यापुढे प्रत्येक वजनाआधी नमुना शोषकपात्रातूनच काढावा.

१९ जुलै

अतिनील दिव्याखाली पहिली चाचणी. दोन मिलिमोलर साठा-द्रावण केले: २१.३ मिलिग्रॅम स-१ निर्जल एथेनॉलच्या ५० मिलिलिटरमध्ये. ॲल्युमिनियमचे प्रमाण-द्रावण पोटॅश तुरटीपासूनच केले: ४७.४ मिलिग्रॅम तुरटी ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मिलिलिटरमध्ये, म्हणजे एक मिलिमोलर. आम्ल आवश्यक आहे. नुसत्या पाण्यात ॲल्युमिनियम हळूहळू हायड्रॉक्साइड होऊन बाटलीच्या भिंतीला चिकटते.

३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली नुसते स-१ जवळपास काळोखे दिसते. ॲल्युमिनियमचे दोन थेंब घातल्यावर मिनिटभरात पोपटी-हिरवी चमक आली. झिंकबरोबर फिकट पिवळसर उजेड दिसला. तांबे आणि लोह यांच्याबरोबर उरलासुरला उजेडही गेला.

याची कारणमीमांसा मॅडमनी फळ्यावर करून दाखवली, ती थोडक्यात लिहून ठेवतो. प्रकाश शोषल्यावर सुट्या रेणूला ती ऊर्जा उधळून टाकण्याच्या तीन वाटा असतात: कार्बन-नायट्रोजन बंधाभोवती वळणे, फेनॉलचा प्रोटॉन नायट्रोजनकडे सरकणे, आणि नायट्रोजनवरच्या एकाकी इलेक्ट्रॉन-जोडीने उत्तेजित वलयात उडी घेणे. धातू पकडीत बसला की प्रोटॉन निघून जातो, एकाकी जोडी धातूशी बांधली जाते आणि सांगाडा ताठ होतो. तिन्ही वाटा बंद झाल्यामुळे ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. तांबे आणि त्रिसंयुजी लोह हेही पकडीत बसतात, परंतु त्यांच्या अर्धवट भरलेल्या डी-कक्षा ऊर्जा गिळण्याची चौथी वाट उघडतात.

२५ जुलै

प्रमाणरेषा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ज्ञात प्रमाणांना येणाऱ्या वाचनांची रेषा, काढण्याचा पहिला प्रयत्न पूर्णपणे फसला. उत्तेजन ४१० नॅनोमीटर, उत्सर्जन ५१२ नॅनोमीटर, उपकरणाच्या दोन्ही प्रकाश-फटी ५ नॅनोमीटर. प्रत्येक २५ मिलिलिटरमध्ये साठा-द्रावणाचे ०.२५ मिलिलिटर, म्हणजे स-१ चे प्रमाण २० मायक्रोमोलर. एथेनॉल ३० टक्के. ॲसिटेट बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण), सामू ५.५.

बिंदू रेषेवर बसेनात. एकच द्रावण पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजले तर वाचन वाढलेले असे. शिवाय ॲल्युमिनियम अजिबात न घातलेल्या ब्लँकचे वाचन १८६ आले, जे एक मायक्रोमोलरमुळे पडणाऱ्या भरीच्या चौपटीहून जास्त होते. हे दोन वेगवेगळे दोष आहेत असे धरून त्यांचा स्वतंत्र पाठलाग करायचे ठरवले.

२७ जुलै

वेळेचा प्रश्न आधी सुटला. चार मायक्रोमोलर ॲल्युमिनियमचे द्रावण खोलीच्या तापमानाला दर दोन मिनिटांनी मोजले. वाचन पहिल्या पाच मिनिटांत झपाट्याने आणि नंतर रेंगाळत वाढत गेले. बावीस-तेवीस मिनिटांनी स्थिर झाले.

दोष उपकरणात नाही, ॲल्युमिनियमच्या स्वभावात आहे. पाण्यात त्याच्याभोवती सहा जलरेणू घट्ट बसलेले असतात आणि यांतील एखादा रेणू सुटून त्याची जागा दुसऱ्याने घेण्याचा वेग सेकंदाला साधारण एकदा इतकाच असतो. झिंकच्या बाबतीत हाच वेग सेकंदाला कोटीच्या घरात जातो. स-१ ला पकडीत घेण्यासाठी आधी जागा रिकामी व्हावी लागते, म्हणून झिंकची फिकट चमक क्षणात येते आणि ॲल्युमिनियमची तेजस्वी चमक वाट पाहायला लावते. द्रावण ४० अंशांपर्यंत गरम केल्यास वेळ निम्मा होतो, परंतु त्याच वेळी शिफ बेसचे जलविघटनही वाढते. तेव्हा गरम न करता प्रत्येक द्रावण बरोबर तीस मिनिटांनी मोजावे, असा नियम केला.

३१ जुलै ते ९ ऑगस्ट

ही नोंद सलग लिहीत आहे, कारण या दहा दिवसांत एकच काम झाले: ब्लँक खाली आणणे.

पहिली शंका प्रकाशाच्या विखुरण्यावर होती. ब्लँकच्या वर्णपटात ४७५ च्या आसपास एक छोटा उंचवटा दिसत होता. उत्तेजन ४१० वरून ४०० वर नेल्यावर हा उंचवटाही ४६३ च्या आसपास सरकला. प्रतिदीप्तीचे शिखर उत्तेजनाबरोबर असे सरकत नाही. म्हणजे हा पाण्याचा रामन विखुरणाचा (पाण्याचे रेणू थोडी ऊर्जा ठेवून घेऊन प्रकाश विखुरतात त्याचा) उंचवटा होता. ५१२ वरचा भाग मात्र जागचा हलला नाही, तेव्हा तिथला उजेड खऱ्या संकुलाचाच.

याची खात्री ईडीटीए या धातूचे आयन घट्ट बांधणाऱ्या संयुगाने झाली. ब्लँकच्या मिश्रणात आधी ईडीटीए घालून ते अर्धा तास कोमट ठेवले आणि मग स-१ घातले. वाचन १८६ वरून ९ वर आले. हे ९ म्हणजे स-१ ची स्वतःची अंगभूत चमक आणि विखुरलेला प्रकाश, याखाली कधीच जाता येणार नाही अशी तळरेषा. त्यावरचे सगळे, म्हणजे जवळपास साडेचार मायक्रोमोलर, आम्हीच कुठूनतरी द्रावणात आणत होतो. मोजायचे पाणी न घालताच आमची बाटली मानकाच्या स्वीकार्य मर्यादेच्या चौपट ॲल्युमिनियम दाखवत होती.

मग एकेक घटक वेगळा काढला. नुसते पाणी: ३. पाणी आणि एथेनॉल: ४. त्यात स-१, बफरविना: २१. बफर घातल्यावर: १८६. (बफरविना सामू ठरलेला नसतो, त्यामुळे तिसऱ्या आकड्याची शेवटच्याशी थेट तुलना करू नये, तरी दिशा स्पष्ट होती.) बफरची बाटली फडताळातून काढली तेव्हा कारण माझ्यासमोरच होते. स-१ प्रकाशात बिघडते म्हणून त्याच्या फ्लास्कला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळण्याची सवय मला लागली होती, आणि त्याच सवयीने बफरच्या फ्लास्कच्या तोंडालाही बुचाऐवजी फॉइलच लावले होते. फ्लास्क हलवताना ॲसिटिक आम्लाचे द्रावण फॉइलला लागत होते आणि फॉइलच्या आतल्या बाजूस पांढुरके डाग पडले होते. ॲल्युमिनियम मोजणाऱ्याने ॲल्युमिनियमचेच झाकण लावावे, याला कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. झाकण मीच लावले होते.

नवा बफर पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत केला: ब्लँक ५८. इतका फरक पाहून मी खूश होतो, पण ५८ हे अजूनही सव्वा मायक्रोमोलर होते. पुढची शंका काचेवर. बोरोसिलिकेट काचेत साधारण दोन टक्के ॲल्युमिना असते आणि जुन्या, चरे पडलेल्या फ्लास्कच्या भिंतीला आधीच्या वर्गांच्या तुरटीच्या प्रयोगांचा अंशही असणार. सगळी काचपात्रे दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवली: ३७. मोजणीची द्रावणे काचेऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांत केली: २४. राहिला प्रश्न सोडियम ॲसिटेटचा, कारण कोणत्याही क्षारात धातूंचा लेश असतोच. बफर ऑक्सिनच्या, म्हणजे ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनच्या, क्लोरोफॉर्ममधील द्रावणाबरोबर दोनदा हलवून घेतला. ऑक्सिनने ॲल्युमिनियम क्लोरोफॉर्ममध्ये ओढून नेले. बफरमध्ये उरलेले ऑक्सिन पुढे स-१ शी स्पर्धा करू नये म्हणून तो नुसत्या क्लोरोफॉर्मने तीनदा धुतला आणि शेवटी क्लोरोफॉर्मचा अंश कोमट करून उडवून दिला.

ब्लँक: ११. सलग दहा ब्लँक मोजले, त्यांचे प्रमाण विचलन ०.९ आले.

संश्लेषणाला एक दिवस लागला होता. प्रबंधात मात्र हे दहा दिवस बहुधा एका ओळीत जातील, म्हणून ते इथे सविस्तर नोंदवले.

१७ ऑगस्ट

सामूचा परिणाम. ४.० ते ७.० या पट्ट्यात अर्ध्या-अर्ध्या एककाने मोजले. ५.० ते ६.० दरम्यान वाचन जवळपास सपाट आहे. चारवर ते निम्म्याहून कमी होते, कारण तिथे प्रोटॉन फेनॉल सोडत नाहीत आणि शिफ बेसही लवकर तुटतो. साडेसहाच्या पुढे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या रूपात निसटू लागते. ५.५ कायम ठेवला.

पाणीमिश्रित द्रावणात चोवीस तास ठेवलेल्या स-१ चे शोषण तीस टक्क्यांनी घटले होते. साठा-द्रावण निर्जल एथेनॉलमध्ये आणि रोज ताजे करावे.

२४ ऑगस्ट

अखेर प्रमाणरेषा. दररोज सकाळी दिव्याची तीव्रता क्विनीन सल्फेटच्या द्रावणावर तपासून घेतो. आज ती नेहमीच्या वाचनापेक्षा एक टक्क्याने वेगळी होती, तो फरक चालण्यासारखा आहे. अर्धा ते आठ मायक्रोमोलर या पट्ट्यात सात बिंदू, प्रत्येकी तीन नळ्या. रेषेचा चढ मायक्रोमोलरला ४१ एकके. आठच्या पुढे रेषा वाकू लागते.

शोधमर्यादा प्रमाण विचलनाच्या तिप्पट भागिले चढ या सूत्राने ०.०७ मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला सुमारे १.८ मायक्रोग्रॅम येते. हा आकडा छापायला छान दिसतो. प्रत्यक्षात त्या पातळीवर ‘काहीतरी आहे’ एवढेच म्हणता येते. आकडा विश्वासाने सांगण्यासाठी दहापट विचलनाची कसोटी धरली तर मर्यादा ०.२२ मायक्रोमोलर, म्हणजे साधारण ६ मायक्रोग्रॅम होते. आम्हाला ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा तपासायची आहे, तेव्हा हे पुरेसे आहे. आणि हेही लिहून ठेवले पाहिजे की जुन्या बफरवर हेच सूत्र लावले असते तरी शोधमर्यादा फारशी वाईट दिसली नसती, कारण सूत्रात ब्लँकचे विचलन येते, ब्लँकची उंची येत नाही. सूत्र बरोबर असूनही उत्तर साडेचार मायक्रोमोलरने चुकले असते.

४ ते ८ सप्टेंबर

इतर आयनांचा अडथळा. चार मायक्रोमोलर ॲल्युमिनियमचे मूळ वाचन १७५. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम हजारपट घातले तरी फरक मोजणीच्या चुकीच्या आत. झिंक पाचपट: सहा टक्के वाढ. त्रिसंयुजी लोह ५.४ मायक्रोमोलर: वाचन ११८. तांबे तेवढेच: १३१.

जांभ्या दगडाच्या मुलखातील पाण्यात लोह असणारच, तेव्हा त्यावर उपाय हवा होता. ॲस्कॉर्बिक आम्लाने लोह द्विसंयुजी करून ते १,१०-फेनँथ्रोलिनने बांधून टाकले. तांबेही याच जोडीने आवरले गेले. वाचन १६४ पर्यंत परत आले, पण १७५ होईना. बराच वेळ मी फेनँथ्रोलिनचे प्रमाण वाढवत बसलो. मॅडमनी नळी खिडकीकडे धरून दाखवली: द्रावण फिकट नारिंगी होते. लोह-फेनँथ्रोलिन संकुल नेमके ५१० नॅनोमीटरला प्रकाश शोषते आणि आमचे उत्सर्जनही तिथेच आहे. हिशेब करून पाहिला. संकुलाचा मोलर शोषणांक ११,१०० आणि लोह ५.४ मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला ०.३ मिलिग्रॅम, एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषण ०.०६ येते. उत्सर्जित प्रकाश सरासरी अर्धा सेंटिमीटर कापतो असे धरले तर साडेसहा टक्के प्रकाश वाटेतच गिळला जातो. १७५ चे १६४ होणे या हिशेबाशी जुळते. अडथळा रासायनिक राहिला नव्हता, प्रकाशाच्या वाटेतला होता. प्रत्येक नमुन्याचे ५१० वरचे शोषण मोजून त्यानुसार दुरुस्ती करावी, असे ठरवले.

फ्लोराइडचा अडथळा याहून वाईट आहे. लिटरला एक मिलिग्रॅम फ्लोराइडने वाचन ९६ वर आणले. फ्लोराइड ॲल्युमिनियमला स-१ पेक्षा आधी आणि घट्ट धरते. कोल्हापूरच्या नदीच्या पाण्यात ही अडचण जाणवणार नाही, पण यवतमाळ किंवा चंद्रपूरकडच्या फ्लोराइडयुक्त विहिरींवर ही पद्धत जशीच्या तशी नेली तर ती ॲल्युमिनियम कमी दाखवेल. तिथे नमुना आधी गंधकाम्लाबरोबर आटवून फ्लोराइड धूररूपाने घालवावे लागेल.

२६ सप्टेंबर

गणपतीच्या धामधुमीत काम मागे पडले होते. दोन दिवसांच्या पावसानंतर पंचगंगेचे गढूळ पाणी पॉलिप्रॉपिलीनच्या कॅनमध्ये आणले. या नदीचे पाणलोट क्षेत्र जांभ्याच्या पठारांचे आहे. शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या तालुक्यांत बॉक्साइट सापडते, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिजच या जिल्ह्यात आहे.

दहा लिटरच्या बादलीत घरी फिरवतात तशी तुरटी फिरवली. खड्याचे वजन आधी आणि वाळवून नंतर घेतले: ०.३१ ग्रॅम घटले. पोटॅश तुरटीत ॲल्युमिनियम ५.७ टक्के असते, तेव्हा लिटरला १.७६ मिलिग्रॅम, म्हणजे ६५ मायक्रोमोलर ॲल्युमिनियम आम्ही पाण्यात सोडले. सर्व मोजण्या प्रमाण-भर पद्धतीने, म्हणजे नमुन्यातच ॲल्युमिनियमची ज्ञात भर घालून, केल्या. जास्त प्रमाणाचे नमुने पाचपट पातळ केले.

मूळ पाणी, ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून: ०.७ मायक्रोमोलर. तुरटीनंतर, तसेच गाळून: १.६ मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला ४३ मायक्रोग्रॅम. सोडलेल्या ६५ पैकी विरघळलेले इतके थोडे उरते, कारण बाकीचे हायड्रॉक्साइडच्या कापसासारख्या गोळ्यांत गाळाबरोबर खाली बसते. परंतु घरी कोणी ०.४५ च्या गाळणीतून पाणी पीत नाही. म्हणून वरचे पाणी न गाळता, आम्ल घालून, सामू पुन्हा ५.५ वर आणून मोजले. तुरटी फिरवल्यावर एका तासाने: ९.५ मायक्रोमोलर, म्हणजे २५६ मायक्रोग्रॅम. रात्रभर निवल्यावर: ४.१ मायक्रोमोलर, म्हणजे १११ मायक्रोग्रॅम.

‘तासाभरात पाणी काढले तर मानकाची वरची मर्यादा ओलांडली जाते’ असे वाक्य मी आज दुपारी वहीत लिहिले आणि संध्याकाळी खोडले. तुरटी न लावलेले मूळ गढूळ पाणीही न गाळता आम्ल घालून मोजले तेव्हा ते १४ मायक्रोमोलर आले. नदीची माती स्वतःच ॲल्युमिनियम आणि सिलिका यांची बनलेली आहे आणि आम्ल तिच्यातूनही ॲल्युमिनियम काढते. त्यामुळे ९.५ पैकी तुरटीचे किती आणि मातीचे किती, हे या मोजणीतून वेगळे होत नाही. म्हणता येते ते इतकेच, की तुरटीने एकूण प्रमाण गढूळ पाण्याच्या तुलनेत घटले, विरघळलेले प्रमाण मात्र दुपटीहून थोडे वाढले, आणि निवळण्याला दिलेल्या वेळेमुळे उरलेल्या प्रमाणात निम्म्याहून अधिक फरक पडला. मातीचा वाटा वेगळा काढण्यासाठी तेवढाच वेळ, तुरटीविना निवळू दिलेल्या पाण्याची जोड-मोजणी हवी होती, ती माझ्याकडून राहिली. नवे पाणी आणून ती करावी.

९ ऑक्टोबर

एन.एम.आर. आला. ८.९५ वर आझोमेथीन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाच्या कार्बनवरील) प्रोटॉनचे एकेरी शिखर, १३.८ च्या आसपास हायड्रोजन बंधात गुंतलेला फेनॉली प्रोटॉन, ९.७ वर दुसरा फेनॉली प्रोटॉन, आणि ६.८ ते ७.६ दरम्यान आठ सुगंधी प्रोटॉन. स-१ बद्दल शंका उरलेली नाही.

तुलनेसाठी २-हायड्रॉक्सि-१-नॅप्थाल्डिहाइडपासून केलेल्या भावंडाचा, ‘स-२’ चा, वर्णपटही आला आहे. त्यात ९.५ च्या आसपासचे शिखर एकेरी नसून दुहेरी आहे. पहिल्या नजरेत ते अशुद्धीसारखे दिसते. वास्तविक नॅप्थॉलच्या शिफ बेसमध्ये प्रोटॉन ऑक्सिजन सोडून नायट्रोजनवरच बहुतेक वेळ राहतो आणि शेजारच्या प्रोटॉनाशी युग्मन करून त्याचे शिखर दुभंगतो. स-२ पाण्यात फारच कमी विरघळते, त्याला निम्म्याहून अधिक एथेनॉल लागते, आणि एवढ्या एथेनॉलमध्ये नदीच्या पाण्यातील क्षार बाहेर पडून द्रावण धुरकट होते. हे संयुग वर्णपटापुरते ठेवावे, पाण्यावर वापरू नये, असे मत झाले.

१६ ऑक्टोबर

रात्रभर निवलेल्या तुरटीच्या पाण्याचा एक भाग प्लाझ्मा उपकरणावर (अतितप्त वायूत नमुना सोडून धातू मोजणारे यंत्र) तपासणीसाठी पाठवला होता. त्यांचे उत्तर ११८ मायक्रोग्रॅम, आमचे १११. फरक सहा टक्के. आमचे उत्तर कमी येण्यास मातीचे अगदी बारीक कण हे एक कारण संभवते, कारण प्लाझ्माच्या उष्णतेत ते कण फुटतात, आमच्या थंड आम्लात सगळे विरघळत नाहीत.

तुरटीविना निवळलेल्या पाण्याची राहिलेली मोजणी आज केली. पाऊस थांबल्यामुळे नदी आता बरीच निवळ आहे, म्हणून जुन्याच कॅनच्या तळातील गाळ हलवून गढूळपणा जुळवला. या तडजोडीची नोंद असावी. एक तासाने १२.६, रात्रभराने ७.९ मायक्रोमोलर. तुरटी लावलेल्या पाण्याचे ९.५ आणि ४.१ हे आकडे दोन्ही वेळी याहून कमी आहेत. ब्लँक आजही ११ होता. बफरची बाटली मामांनी धुऊन वेगळ्या कप्प्यात ठेवली आहे आणि त्या कप्प्यातून फॉइलचा रूळ काढून टाकला आहे.

उरलेले स-१ ०.९४ ग्रॅम, गडद तपकिरी बाटलीत, शोषकपात्रात.